सोमवारची जोडणी

“काळी आधी. कायी बी जोडायचं असंल तर काळी तार आधी, शिवकन्या. अन् जोडताना तोंडानं म्हणत जायचं, काय जोडून राहिलीस ते. मनातल्या मनात न्हाई, मोठ्यानं. म्हणजे चुकलं तर मला इथं पडल्या पडल्या कळंल.”

सोमेश्वर हे बोलले होते ते शिमग्याच्या आसपास. जीभ तेव्हाच जड झाली होती, तरी शब्द शब्दासारखे उमटत होते. उन्हाळ्यात ते एकमेकांत मिसळायला लागले आणि आषाढ लागायच्या आत आवाज गेला तो गेलाच. आता शिवकन्येच्या कानात साठून राहिला होता तेवढाच त्यांचा आवाज शिल्लक होता, आणि त्यातला बराचसा असाच होता, तारांचा, मोटरींचा, मीटरचा. संसाराच्या एवढ्या वर्षांत नवरा इतकं कधी बोलला नव्हता, आणि बोलला तेव्हा हे बोलला.

आखाडा बाळापूरला बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. टीव्ही असो, मोबाइल असो, कुणाच्या लेकराचं रिमोटवरचं विमान असो, उघडून बघितल्याशिवाय माघारी देणं त्यांना जमत नसे. मग एके दिवशी हातातून पेचकस निसटला. पुन्हा निसटला. नांदेडच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि शेवटी शिवकन्येला बाहेर बोलावून सांगितलं, की ह्या आजारात नसा वाळत जातात. हात जातात, पाय जातात, मग जीभ, मग गिळणं. डोकं आणि डोळे मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतात. औषध नाही. डॉक्टर भला माणूस होता. डोकं शाबूत राहील, हे त्यांनी धीर द्यावा तसं सांगितलं. शिवकन्येला सगळ्यात वाईट तेच वाटलं.

तिचा लग्नापासूनचा एक नेम होता, नवरा जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही. कुणी घालून दिलेला नव्हता. सकाळी तुळशीला पाणी, देवापुढं दिवा, एक माळ जप, तसाच हा. सोमेश्वर धडधाकट होते तोवर ह्या नेमाचं कुणाला ओझं नव्हतं. आता वाटीभर काला भरवायला दुपार सरायची. घास मऊ करायचा, जिभेवर जरा मागं ठेवायचा, तो खाली उतरेपर्यंत थांबायचं, ठसका लागला की पाठ चोळायची, पुन्हा घास. तोवर शिवकन्येची भाकरी वाळून कडक झालेली असायची. तिचं ते वाळकं जेवण सोमेश्वर पडल्या जागेवरून बघत असत.

आवाज होता तेव्हा एकदा म्हणाले, “तू माझ्यामागून जेवणार, अन् मी जेवायला दोन-दोन घंटे लावणार. तुझे उपास कमी पडले म्हणून मी वाढवून राहिलो का?”

“तुमाला काय करायचं? मी काय उपाशी मरून राहिले का?”

“मरत न्हाईस. पण एक बार, एकच बार, आपण संगं जेवू. तुझं ताट तुझ्यापुढं, माझं माझ्यापुढं. तुझा हात तुझ्याच तोंडाकडं जाईल. मला बघायचंय तुला गरम जेवताना.”

“अन् माझा नेम?”

त्याचाही विचार त्यांनी करून ठेवला होता. “पयला घास मी घेईन. मग तू. देव बी कायी म्हणायचा न्हाई.”

भरवायचा तो यंत्राचा हात त्यातून निघाला.

शेजारच्या दुकानात कय्युमभाई कूलर बांधायचे, लहानपणापासूनचे दोस्त. त्यांनी कूलरच्या पत्र्याच्या पट्ट्या कापून दिल्या. सोमेश्वरांनी तीन सर्वो मोटरी मागवल्या, एक खांद्याला, एक कोपराला, एक चमच्याला. साधी मोटर नुसती गरागरा फिरते. सर्वो सांगाल तेवढीच वळते आणि तिथं धरून थांबते. तिला हुकूम द्यायला पिनांच्या रांगा असलेला एक निळा कंट्रोलर होता, आणि त्या कंट्रोलरला हुकूम द्यायला काड्यापेटीएवढा एक बोर्ड. मुलगी वैष्णवी नांदेडला नर्सिंग शिकत होती. ती सुट्टीत आली तेव्हा बाप जड जिभेनं सांगत गेला आणि तिनं लॅपटॉपवर टिपून सगळं त्या बोर्डात भरलं. डाव्या पायाचा अंगठा तेवढा अजून हलत होता, म्हणून बटण त्याच्याखाली. अंगठा दाबला की हात वाटीत उतरायचा, चमचा भरायचा, ओठांपर्यंत यायचा.

म्हणजे यायला पाहिजे होता. पहिल्या दिवशी तो हिवताप भरल्यासारखा थडथडला, मध्येच गेल्यासारखा झाला, पुन्हा जागा झाला आणि चमचाभर वरण त्यानं कय्युमभाईंच्या दाढीवर नेऊन मारलं.

“या अल्ला! वैनी, ये हाथ है का गोफण?” कय्युमभाई दाढी पुसत म्हणाले. “सोमेश, तुला जेवायचंय का गावाला जेवू घालायचंय?”

सोमेश्वर हसले. मग तिला जवळ बसवून समजावलं. “बोर्ड म्हणजे डोकं. त्याला घोटभर पुरतं. मोटरी म्हणजे मजूर, त्यायला पोटभर लागतं. डोक्याच्या ताटातून मजुरायला वाढलं की डोकं चक्कर येऊन पडतं. म्हणून बोर्ड सारखा बंद-चालू होऊन राहिला. मोटरींची वीज येगळी आणायची अन् कंट्रोलरच्या त्या हिरव्या पेचात द्यायची. काळी तेवढी दोघायची एक. अन् मीटर लावल्याशिवाय द्यायचीच न्हाई. पाच, साडेपाच बराबर. सहाच्या वर गेली की मोटर मेली समज.”

हिरव्या पेचाशेजारी त्यांनी तिच्याकडून एक जाड कंडेन्सर लावून घेतला. तिन्ही मोटरींनी एकदम ओढ घेतली तर वीज कमी पडू नये, म्हणून रांजणात पाणी साठवावं तशी तो साठवून ठेवतो, असं म्हणाले. भिंतीतल्या विजेवर चालणारा एक दणकट अडॉप्टर मोटरींसाठी मागवला. तो येईपर्यंत आवाज गेला होता.

त्यांचं बोलणं आता शिवकन्येच्या तोंडून व्हायचं. डोळे एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. त्याहून जास्त काही असलं तर ती क, ख, ग म्हणत जायची आणि हव्या त्या अक्षरावर ते पापणी पाडायचे. मान वळत नव्हती, नजर आढ्याला लागलेली. मग तारा जोडताना ती खाटेच्या पायथ्याशी बसून मोठ्यानं म्हणायची, “काळी जोडली. लाल जोडून राहिले. मीटर पाच दाखवतंय.” मध्येच उठून त्यांच्या डोळ्यांत बघून यायची. चुकलं असलं तर डोळे दोनदा मिटत. अक्षरं, म्हणणं आणि पापण्या, एवढ्यावर संसार चालला होता.

आवाज गेला तेव्हा ती औंढ्याला जाऊन नागनाथापुढं उभी राहिली होती. श्रावणातल्या सगळ्या सोमवारी उपास आणि मौन, दिवेलागण होईपर्यंत एक शब्द नाही. माझं बोलणं घे आणि त्यांचं त्यांना दे, असं तिनं हात जोडून सांगितलं होतं. वैष्णवीला हे पटलं नव्हतं, पण श्रावणाच्या पहिल्या सोमवारी ती घरीच होती आणि बापासाठी अक्षरं म्हणायला बसली होती, म्हणून निभावलं.

दुसऱ्या आठवड्यात ठसके वाढले. पाणीसुद्धा श्वासनळीत जायला लागलं. डॉक्टर म्हणाले, आता नाकातून नळी टाकावीच लागेल. मंगळवारी घेऊन या. एकदा नळी पडली की तोंडानं काही नाही.

रविवारी दुपारी रिकामा चमचा पहिल्यांदा न थरथरता सोमेश्वरांच्या ओठांपर्यंत आला. शिवकन्येनं देवाला साखर ठेवली. सोमवारी दिवेलागणीला तिचा उपास सुटणार होता, तेव्हा दोघांनी संगं बसायचं, असं ठरलं. मूगडाळीची पातळ खिचडी, वर तूप. दिवस पुरता मावळला की त्यांच्या घशाची उरलीसुरली ताकद जायची, त्यामुळं दिवा लागल्यापासून अंधार पडेपर्यंतचा जो वेळ, तोच त्यांचा.

सोमवारी दुपारी गल्लीच्या टोकाला मोठा आवाज झाला आणि पंखा थांबला.

थोड्या वेळानं कय्युमभाई आले. मंगळवारच्या गाडीचं सांगायला निघाले होते. “डीपी जळाला, वैनी. आता दोन-चार दिवस लाइट विसरा. माझ्या दुकानात बी अंधारच हाय.” मग तिचं गप्प राहणं त्यांच्या ध्यानात आलं. “हां, आज सोमवार. बरं, मीच बोलतो दोघांच्या वाटचं. तसं बी आमच्या घरी मला बोलू कोण देतं?”

शिवकन्येनं हाताकडं बोट दाखवलं, मग थांबलेल्या पंख्याकडं. कय्युमभाईंना समजलं. खिशातली पॉवर बँक काढून त्यांनी बोर्डाला लावली. बोर्डावरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. तशीच मोटरींना लावून बघितली, तर हात अर्ध्या वाटेवर येऊन लटकला. तिच्यात तेवढा दमच नव्हता.

“डोकं चालू हाय, मजूर उपाशी,” कय्युमभाई म्हणाले, आणि म्हणाल्यावर खाटेकडं बघून ओशाळले.

ओसरीवर फवारणीचा पंप ठेवलेला होता, पाठीवर घ्यायचा, बॅटरीवरचा. वसराम सोमेश्वरांचं शेत बटईनं, अर्ध्या वाट्यानं करायचा, सोयाबीन फवारून त्यानं तो तिथं टेकवला होता. शिवकन्येची नजर त्यावर गेली. बॅटरी बारा व्होल्टची. बारा म्हणजे मोटर मेली, हे तिला पाठ होतं. पण पंपाला रेग्युलेटरचा खटका होता. पूर्वी ती स्वतः तो पंप पाठीला लावून तुरीत फिरली होती. खटका मागं घेतला की धार बारीक, पुढं घेतला की जोरात. धार बारीक होते म्हणजे वीज कमी होत असणार. इतका साधा हिशोब होता.

तिनं पंपाचं झाकण काढलं. रेग्युलेटरच्या पुढं मोटरीकडं जाणाऱ्या दोन तारा सोडवल्या आणि त्यांना मीटर लावला. काटा वर चढला. तिनं खटका मागं घेतला, हळू, अजून हळू. पाच. साडेपाच. तिथं हात थांबवला. ह्याच्या पुढं जायचं नाही.

“वा, वैनी!” कय्युमभाई खूश झाले. “सोमेश, बघ, पंपावर तुला जेवू घालून राहिली. तेरी शागिर्द तो तुझसे आगे निकल गई.”

सोमेश्वरांचे डोळे मिटले. उघडले. पुन्हा मिटले.

“देखो, देखो, खुशीनं डोळे मिचकावून राहिला.”

शिवकन्या उठून खाटेच्या उशाशी आली. तिनं त्यांच्यावर वाकून बघितलं. डोळे मिटले, उघडले, मिटले. दोनदा. नाही.

काय नाही? तिचे ओठ हलायच्या बेतात आले. क म्हणायचं, ख म्हणायचं, एवढंच काम. एका अक्षराच्या अंतरावर काय आहे ते कळलं असतं. बाहेर अंगणात ऊन अजून तुळशीच्या कट्ट्यावर होतं. दिवेलागणीला घटकाभर अवकाश. पहाटेपासून सांभाळलेलं मौन, त्याच्यामागं मागच्या सोमवारचं, सगळं त्यांच्याच आवाजासाठी. आत्ता तोंड उघडलं तर नागनाथाला काय सांगायचं? तिला वाटलं, ते म्हणत असतील, राहू दे, कशाला एवढी धडपड. ते असंच म्हणायचे. तिनं गळ्याला हात लावून दाखवला, मग देवघराकडं हात जोडले. दिवा लागू दे, मग बोलू.

सोमेश्वरांनी डोळे मिटले आणि मिटलेलेच ठेवले. एकदा. ते हो आहे असं तिनं धरलं.

ती पायथ्याशी बसली. काळी आधी जोडली. मोठ्यानं म्हणायचं ते मनात म्हटलं. मग लाल. हिरव्या पेचात दोन्ही घट्ट केल्या. मग उठून हातपाय धुतले, देवापुढं दिवा लावला, तुळशीपाशी लावला, नमस्कार केला. आता बोलायला मोकळी होती. पण खिचडी निवत होती आणि उजेड उतरत होता. तिनं दोन ताटं वाढली, सोमेश्वरांच्या पाठीला उशा लावून त्यांना टेकतं केलं, वाटी हाताखाली ठेवली आणि स्वतःचं ताट घेऊन समोर बसली. दिवसातला पहिला शब्द उच्चारला तो हा:

“घ्या. पयला घास तुमचा.”

त्यांचे डोळे तिच्यावर होते. त्यांनी ते दोनदा मिटले. आणि पुन्हा दोनदा.

“आता न्हाई काहून?” ती काकुळतीनं म्हणाली. “सगळं बराबर हाय. साडेपाच दाखवलं मीटरनं. दिवस चालला. लवकर घ्या.”

ते तिच्याकडं बघत राहिले. तिच्या ताटाकडं बघितलं. खिचडीतून वाफ निघत होती. मग अंगठा दाबला.

मोटरी ओरडल्या, नेहमीच्या नव्हे अशा आवाजात. हात झटक्यानं वर आला, वाटीला लागला, वाटी उलटली. फटकन कंडेन्सर फुटला. जळक्या प्लास्टिकचा वास सुटला, खांद्याच्या मोटरीतून धुराची बारीक रेघ निघाली आणि हात मोडून सोमेश्वरांच्या छातीवर पडला. कय्युमभाईंनी तार ओढून काढली तोवर सगळं झालेलं होतं.

छातीवरची खिचडी शिवकन्येनं पदरानं पुसली. पोळलं नव्हतं. तिन्हींपैकी एकही मोटर पुन्हा हलली नाही. बोर्डावरचा हिरवा दिवा मात्र तसाच लुकलुकत होता, हुकूम देत होता, आणि ऐकणारं कुणी नव्हतं. कय्युमभाईंनी तो कितीतरी वेळ बंद केला नाही. त्यांना सुचलंच नसावं.

“माझं चुकलं,” ते म्हणाले. “मी बोललो, खुशीनं मिचकावतो म्हणून.”

शिवकन्येनं उरलेली खिचडी वाटीत घेतली आणि हातानं भरवायला बसली. ती जेवावी म्हणून सोमेश्वरांनी तोंड उघडलं, हे तिला कळत होतं. दोन घास उतरले, तिसऱ्याला ठसका लागला तो थांबेना. पाठ चोळता चोळता अंधार पडला. तोंडानं घेतलेलं त्यांचं शेवटचं जेवण ते. तिनं नेमाप्रमाणं त्यांच्यामागून ताट पुढं ओढलं. खिचडी गार होऊन तिच्यावर साय धरली होती. एक घास घेतला, तो गालातच राहिला.

मंगळवारी नळी टाकली. सोमेश्वरांच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं, पण ते सगळ्यांच्याच वाहतं असं परिचारिका म्हणाली. वाटेत गाडीत शिवकन्येनं अक्षरं म्हणून बघितली होती. क पासून ज्ञ पर्यंत गेली. कुठंच पापणी पडली नाही. पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. ते आढ्याला बघावं तसे गाडीच्या टपाला बघत राहिले.

दुपारी कय्युमभाई नांदेडच्या बाजारात जाऊन आले. जळकी मोटर खिशात घेऊन गेले होते, एका पार्टच्या दुकानात दाखवून विचारून आले. दवाखान्याच्या जिन्यात तिला बाजूला घेऊन सांगितलं.

“तो खटका वीज कमी करतच न्हाई, वैनी. बाराची वीज तोडून तोडून सोडतो. चालू-बंद, चालू-बंद, इतकं जल्दी की मीटरला सरासरीच दिसते. पंपाला चालतं तसं. पण आपला तो कंडेन्सर, तो साठवून राहिला ना, तो भरला पुऱ्या बाराला. मोटरी बाराच खाऊन राहिल्या होत्या.”

“ह्यायला ठावं असंल,” शिवकन्या म्हणाली.

“सोमेशला? त्यानं असे किती खटके दुरुस्त केले असतील.”

म्हणजे तिनं नुसतं “पंपाचा खटका लावून राहिले” एवढं म्हणून अक्षरं चालू केली असती, तरी पुरलं असतं. त्यांचा आवाज गेला म्हणून तिनं आपला आवाज देवाकडं ठेवला होता, आणि त्यांचा जो काही आवाज उरला होता तो तिच्याच तोंडात होता. सोमवार आला की दोघंही मुकी. मागच्या सोमवारी वैष्णवी मध्ये होती म्हणून हे दिसलं नाही. जिन्यात उभ्या उभ्या तिच्या हे ध्यानात आलं.

“नव्या मागवू मोटरी,” कय्युमभाई म्हणाले.

“कशाला?”

कय्युमभाईंनी जळकी मोटर पुन्हा खिशात घातली.

गुरुवारी ते घरी आले. वैष्णवी तिला नळीतून कसं द्यायचं ते शिकवून परीक्षेला परत गेली. मोठी सिरिंज नळीच्या तोंडाला लावायची, वर धरायची, पातळ केलेलं अन्न हळूहळू ओतायचं, शेवटी पाणी. पाच मिनिटांचं काम. आता नेम पाळायला काहीच अडचण नव्हती. ओतून झालं की शिवकन्या तव्यावरून उतरलेली भाकरी खाऊ शकत होती. ती एवढी मोकळी लग्नापासून कधी नव्हती, आणि ताटावर बसवत नव्हतं.

त्या दिवशी पहिल्यांदा ओतायला बसली तेव्हा सोमेश्वर डोळे वळवून सिरिंजकडं बघायला लागले. मग तिच्याकडं. गाडीतल्या त्या वेळेपासून पहिल्यांदाच असं बघितलं होतं. तिनं सिरिंज खाली ठेवली आणि अक्षरं म्हणायला सुरुवात केली. क ह्या अक्षरावर पापणी पडली. मग य वर. मग ह वर, आणि पुन्हा य वर.

“काय हाय?” ती म्हणाली. “असं इचारून राहिलेत?”

एकदा मिटले.

“मुगाचं वरण. पातळ केलंय. जिरं अन् हिंग टाकलाय, मीठ जरा कमी.”

सिरिंजमधलं पिवळं पाणी नळीत उतरत गेलं. जिभेला न लागता, नाकातून, सरळ पोटात. सोमेश्वरांनी डोळे मिटले होते. घशाशी किंचित काहीतरी हललं, गिळल्यासारखं. नसेलही.

तिनं विचारलं, विचारायचं नाही असं ठरवूनही. “त्या दिवशी नुसतंच डोळे मिटून घेतले, एकदाच. मी व्हय समजले. काहून मिटले?”

अक्षरं पुष्कळ लागली. शेवटी जमलेला शब्द होता, बघवंना.

“अन् मग अंगठा काहून दाबला?”

ह्याला अक्षरं कमी लागली. वाफ.

तिच्या ताटातली. ती गरम जेवायला बसली होती, म्हणून. दाबलं नसतं तर ती उठली असती. शिवकन्येनं त्यांच्या वाळल्या हातावर हात ठेवला. मग ते पुन्हा बघायला लागले, तेव्हा पुन्हा क पासून म्हणायला लागली. ह्या खेपेला लांबलचक वाक्य निघालं, दमून दमून, मध्ये थांबून. दर बारीला सांग काय हाय ते.

“सांगीन.”

सोमवारी बी.

तिनं मान खाली घातली. “सोमवारचं मौन तुमच्याच आवाजासाठी हाय. नागनाथाला बोलले मी. तुमचा आवाज...”

डोळे दोनदा मिटले.

“देवाला असं म्हणू न्हाई.”

दोनदा. सावकाश, तिला मोजता येईल असे. मग तिच्यावर रोखलेले राहिले. आवाज येणार नाही, हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं, वैष्णवीनं सांगितलं होतं. ह्यांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं. ते तिच्या उपासाला आणि मौनाला हसले नव्हते. आज पहिल्यांदा म्हणत होते, की त्या वाटेनं काही येणार नाही, तू थांबू नको.

अंगणातून कुणाच्या तरी शेळीचा आवाज आला. शिवकन्येनं डोळे पुसले. त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, शपथ घेताना ठेवतात तसा.

“सांगीन. सोमवारी बी.”

सोमवारी ती पहाटे उठली. आंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, देवापुढं दिवा लावला. उपास धरला. तोंडातून शब्द निघाला नाही, कारण अजून निघायची वेळ आली नव्हती. माळ हातात घेतली, ती अर्ध्यावर थांबली. नागनाथाला काय सांगायचं ते तिला सुचलं नाही. क्षमा मागावी तर मौन मोडण्याबद्दल मागायची, का आवाजाची आशा सोडण्याबद्दल? दुसरं जास्त मोठं पाप होतं, आणि ते गुरुवारीच होऊन गेलं होतं. तिनं माळ डबीत ठेवली.

उन्हं वर आली तशी तिनं चुलीवर पातेलं ठेवलं. तांदळाची पेज केली, ताक घातलं, आल्याचा रस काढून टाकला, मिठाचा खडा विरघळवला. सोमेश्वरांना आवडायची तशी, पण आवडायचा आता प्रश्न नव्हता. फडक्यातून दोनदा गाळली. मनगटावर थेंब टाकून बघितला, कोमट होती.

भांड्यावर ताटली ठेवली, सिरिंज पदराला पुसून घेतली. पहाटेपासून मिटलेले ओठ एकमेकांना चिकटले होते. ती घोटभर पाणी प्यायली, देवघराकडं पाठ न करता दोन पावलं मागं सरली, आणि मग वळून, भांडं दोन्ही हातांत धरून, ओसरीवरच्या खाटेकडं निघाली.